ओट्याचं माप

३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी हिच्या पाठीचं सगळं दुखणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरचा ओटा किती उंच आहे?" ही माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे.

चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. अख्ख्या रस्त्याच्या कमरा मला तोंडपाठ. आणि घरचा ओटा — माहीत नाही! आल्या आल्या टेप लावली. बत्तीस इंच. आईने बांधून घेतला होता, स्वतःच्या मापाने. आई ठेंगणी. ही माझ्याहूनही चांगली पाच इंच उंच — लग्नात फोटोवाल्याने मला विटेवर उभं केलं होतं. म्हणजे एकतीस वर्षं ही वाकून स्वयंपाक करतेय आणि मी जेवून ढेकर देतोय. लाज वाटली. खरंच वाटली.

जानेवारीत दुकान बंद केल्यापासून हात रिकामेच आहेत. ठरलं. स्वयंपाकघर नवं करायचं, हिच्या मापाचं.

५ मार्च

चहा करताना हिची पावलं मोजली. फ्रिज दाराजवळ, शेगडी खिडकीखाली, बेसिन तिसऱ्याच टोकाला. दोन कप चहाला एकोणतीस पावलं! "मागे मागे काय फिरताय, मांजर आहात का?" — ही.

८ मार्च

हॉल रिकामा केला आणि फरशीवर शिंप्याच्या खडूने अख्खं स्वयंपाकघर आखलं. आधी फ्रिज, मग बेसिन, मग शेगडी. बेसिन आणि शेगडीच्या मधे दोन हात मोकळी जागा, चिरायला. रोजची भांडी हाताशी, जड डबे खालच्या खणात.

हिला म्हटलं, आता यात चहा कर. खोटा खोटा. हिने माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि खुर्चीत बसली. "तुम्ही करा. मला लांबून नीट दिसतं." केला. कप घ्यायला वळलो तर म्हणे, "भिंतीतून गेलात." हसता हसता पाठ धरून बसली. पण पावलं किती? नऊ!

हिची मागणी एकच — खिडकीपाशी लहानसं टेबल आणि खुर्ची. मी म्हटलं, जागा अडेल.

"अडू दे."

टेबल आखलं.

९ मार्च

फ्रिजचं दार उघडलं तर बेसिनवर आपटतंय. सगळं पुसून परत आखलं. फरशी पुसण्यात माझा हात बसत चाललाय.

१२ मार्च

मिस्त्री आला. त्याचा नियम सोपा — ताठ उभं राहून कोपर वाकवायचं, त्याच्या सहा इंच खाली ओटा. हिचं कोपर एक्केचाळीस, म्हणजे ओटा पस्तीस. मी कागदावर साडेपस्तीस लिहिलं. "अर्धा कशाला, काका?" म्हटलं, शिलाईत जातो. मिस्त्री पोट धरून हसला. "दगड शिवत नाहीत हो!" जित्याची खोड. खोडून पस्तीस केलं.

"टेप बाहेर आहे तोवर यांचंही कोपर मोजा," ही म्हणाली. अडतीस. "उंचीला तुम्ही आईंवरच गेलात." त्यात नवीन काय? लहानपणापासून ऐकतोय.

१७ मार्च

जुना ओटा फोडला. सगळीकडे धूळ, जेवायला पाव आणि केळी. शेगडीसमोरची फरशी तेवढीच गुळगुळीत झालीय, दोन पावलांपुरती. आईची पावलं की हिची? दोघींचीही असतील. मन भरून आलं. मिस्त्रीला म्हटलं, ही फरशी काढू नकोस.

ही मात्र खुशीत आहे. धुळीत उभी राहून गुणगुणत होती.

२१ मार्च

नळ आणायला बाजारात गेलो होतो. परतलो तर ओट्याचा दगड बसलेला. टेप लावली — बत्तीस! परत लावली. बत्तीसच. मिस्त्रीला फाडून खाल्लं. तो शांतपणे म्हणाला, "बाईंनीच सांगितलं."

ही खिडकीपाशी, आपल्या खुर्चीत.

"अगं, तुझी पाठ!"

"पाठीसाठीच. दुकान तुम्ही जानेवारीत बंद केलंत. मी आज करतेय. अडतीसातून सहा वजा करा, तुमचा ओटा आहे तो. मी इथे बसून चिरून देईन. बाकीचं तुमच्याकडे."

मिस्त्री एकदम थापी धुवायला गेला.

चिडलो. चांगला तासभर चिडलो. मग एकटाच बसून विचार केला. चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारलं — काय शिवायचंय? मग टेपला हात लावला. हिचं माप घेतलं, पण काय शिवायचंय ते विचारलंच नाही.

२९ मार्च

नव्या ओट्यावरचा पहिला चहा. मी केला. नऊ पावलं. साखर विसरलो. हिने खिडकीपाशी बसून सगळा प्यायला आणि कप पुढे केला. "अजून अर्धा."

ओट्याची उंची अगदी बरोबर आहे. वाकावं लागलं नाही.