बाजारातली तुझी जागा

आये, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये तुला वेगळी खोली दिली, टीव्ही दिला, आणि तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. मोरा बंदराच्या मासळी बाजारात गिऱ्हाइकाला दोन शब्द जास्तच ऐकवणारी बाई, माझ्या घरात मुकी. सुरमईचा तुकडा ताटात तसाच. विचारलं की एकच उत्तर, मना भूक नाय.

नाटकं करतेस, असं मी तुझ्या तोंडावर म्हणाले. गुडघे गेले म्हणून तुला बाजारातून उठवलं, त्यात माझं काय चुकलं? ती बसायची जागा तुला तुझ्या सासूकडून आलेली, पुढे सुनेला नाहीतर लेकीला जायची. सून पुण्याची, लेक ऑफिसात. मग मी तुला न विचारताच ती शेजारच्या काकूला देऊन टाकली, वर तुझा मासे कापायचा कोयताही दिला. तू शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. पण तू आठ दिवसांनी नुसतं विचारलंस, "माजे जाग्यावर आता कोन बसतं गं?" मी सांगितलं. तू मान हलवलीस. पुढच्या महिन्यात गादी झाडताना बीपीच्या मूठभर गोळ्या सापडल्या, एकही गिळलेली नाही. केवढी चिडले होते मी तेव्हा!

पनवेलच्या डॉक्टरांनी तुला तपासलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, "यांचं मन आजारी आहे. या वयात त्यानंही माणूस जातं. उशीर करू नका." मनाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. मला हसू आलं. वादळात होड्या गेल्या तरी दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन बसणाऱ्या आपण, आपल्याला कसलं आलंय डिप्रेशन! सुट्टी मिळाली की नेऊ, म्हटलं. दिवाळीच्या आधीच तू गेलीस. दाखल्यावर हृदय बंद पडलं असं लिहिलंय, आणि दादाला मी सांगितलं, हट्टी होती, औषध घ्यायची नाही.

होतीसच तू हट्टी. तेवढं मी मागे घेणार नाही.

पण दादा तुझी फाइल बघायला आला, त्याच्या आदल्या दिवशी मी त्यातून ती चिठ्ठी काढून घेतली. कपाटात साड्यांखाली आहे. हे पत्रही तिथंच ठेवतेय. डॉक्टरांनी घातलेली तिची घडी मी अजून उघडलेली नाही.