झाडामागे गेलेला स्वार

प्रिय छकुले,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा बरे आहेत. नजर मात्र पार गेली. संग्रहालयातल्या नाण्यांवरची चित्रं भिंगाखाली बघून वहीत उतरवण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं, त्याला आता चहाचा कप चाचपत शोधावा लागतो. तोंड तेवढं शाबूत आहे. चहा पांचट झाला की माझी खैर नसते.

त्यांचं स्वतःचं ते तांब्याचं नाणं अजून खिशात असतं. आठवतो त्यावरचा घोडा? खोगीर घातलेला, झाडापाशी एकटाच उभा. स्वार कुठे गेला म्हणून मी डोकं खाजवायचो आणि तू ठणकावून सांगायचीस, "झाडामागे फळं तोडतोय, येईल." बाबांना हसू आवरायचं नाही. तू पाटीवर तो घोडा एका दमात काढायचीस. माझ्या घोड्याला बाबा बकरी म्हणायचे.

मग एका दुपारी ते नाणं बाबांच्या कामाच्या टेबलावर लखलखीत होऊन सापडलं. जुन्या तांब्यावरचा हिरवा थर कधी घासायचा नाही, चित्र त्यातच टिकून असतं, हे बाबांनी आपल्याला शंभरदा बजावलं होतं. घोडा, झाड, सगळं पुसलं गेलं होतं. "कोणी केलं?" त्यांनी विचारलं. मी तुझ्याकडे पाहिलं. एवढंच केलं, छकुले. तू "मी नाही, मी नाही" म्हणत राहिलीस आणि त्यांनी तुला त्या टेबलाजवळ पुन्हा फिरकू दिलं नाही. नाण्यांची चित्रं उतरवायचं काम मला शिकवलं. तू कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरलीस.

लिंबू आणि पॉलिश पेपर माझ्या दप्तरात होते. नाणं चकचकीत करून बाबांना खूश करायचं होतं, दुसरं काही नाही. पण नंतर बत्तीस वर्षं मी तोंड शिवून तुझ्या खुर्चीत बसलो. त्याची मला लाज वाटते.

परवा त्या गुळगुळीत नाण्यावरून अंगठा फिरवत बाबा म्हणाले, "तिचा हात तुझ्यापेक्षा चांगला होता रे." मग मला राहवेना, सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी नाणं खिशात ठेवलं. नंतर तळहात पुढे केला आणि म्हणाले, "तिला लिही. इथे बोटाने एकदा तो घोडा काढून दे म्हणावं." मला माफ नाही केलंस तरी चालेल. पण ये. तेव्हापासून ते दर थोड्या वेळाने भिंत धरत मोरीपर्यंत जातात आणि पाटी पुसून ठेवावी तसा तळहात धुऊन येतात.

तुझाच,
दादा