एलोफच्या नावाने लिहिलेली सात पत्रे

मेलेला मुलगा त्याच्या आईपासून लपवला, तर तो तिला दिलेला आधार म्हणायचा की तिच्याच घरात केलेली चोरी? मला याचे उत्तर देता येत नाही. बाकी जे ठरवता येते ते मी शुद्धीवर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या हाताने लिहून ठेवते. मी तेक्ला योनासडॉटर, वय सव्वीस, हाग्नेबू गावची शिक्षिका. आमच्या घरात परीक्षा देऊन पदवीचा कागद आणलेली पहिलीच. छातीच्या आजारामुळे मी उन्हाळा पाहणार नाही, असे डॉक्टर म्हणतात.

एक. राहते घर जमीनमालकाचे आहे. वडील गेल्यापासून माझी आई, ब्रीता स्वेन्सडॉटर, त्याच्या शेतावर राबते म्हणून आम्ही त्यात आहोत. तिचे हात आता चालत नाहीत. निराधार म्हाताऱ्यांना आमच्याकडे घरोघर फिरवतात. एक आठवडा याच्या चुलीपाशी, पुढचा त्याच्या. माझ्या आईला तसे फिरवू नये.

दोन. माझा लोकरी कोट, बूट आणि लाकडी पेटी आईला द्यावी. थोरली बहीण अमांडा हिने अमेरिकेतल्या मिनेसोटाहून आईसाठी बोटीचे तिकीट पाठवले आहे. बोट एप्रिलअखेर निघते. आई तिकडे गेलेल्या माझ्या भावाची वाट पाहते, हलायला तयार नाही. म्हणते, "एलोफ परत आला नि दाराला कुलूप दिसलं, तर पोरगं जाईल कुठं?"

तीन. शेजारच्या ब्लेंडाबाईंना माझी कॉफीची किटली. माझी चार भावंडे एकामागून एक अमेरिकेला गेली, तेव्हा त्या विहिरीवर आईला म्हणाल्या होत्या, "काय गं ब्रीता, तुझ्या पोटी काय अमेरिकेचंच बी रुजत होतं?" आई हसली, आणि घरी येऊन तीन दिवस बोलली नाही. तरी किटली द्यावी. माझ्या आजारात दूध त्यांनीच आणले.

चार. पुस्तके शाळेला. चर्चच्या कारकुनांना त्यातले एकही देऊ नये. "पोरीला लिहायला शिकवलं की ती चिठ्ठ्या लिहीत सुटते," असे ते वडिलांना म्हणाले होते. त्यांचे म्हणणे खरे ठरले, हेही नोंदवते.

पाच. आईच्या स्तोत्रांच्या पुस्तकात जपलेली सात पत्रे माझा भाऊ एलोफ याची नाहीत. ती मी लिहिली. एलोफ दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत लाकडाच्या गिरणीत मेला. ते कळवणारे अमांडाचे पत्र आले तेव्हा आई पीठ मळत होती. "वाच की लवकर! काय म्हणतोय आपला आळशी?" मी तोंड उघडले आणि म्हणाले, "बरा आहे. जाड झालाय."

"म्हणजे तिकडंही कामाला हात लावत नाही मेला!" आई म्हणाली, आणि किती हसली.

पाद्री दर हिवाळ्यात सगळ्यांचे वाचन तपासतात, म्हणून आईला छापील अक्षर चांगले वाचता येते. हाताने लिहिलेले येत नाही. गेल्या वर्षी ती म्हणाली, "मलाही शिकव ना गं. त्याचं पत्र माझं मी वाचीन." मी म्हणाले, "आता या वयात डोळे कशाला शिणवतेस, आई?" कुठल्याही आईला मुलाचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये, एवढ्यासाठी मी शिक्षिका झाले होते. गावातल्या एकोणीस मुलींना शिकवले. तिला शिकवले नाही.

ती सात पत्रे जाळायची की ठेवायची, हे आईने ठरवावे.

सहा. माझ्या दफनासाठी आईला थांबवू नये. बोट आधी निघाली तर तिने जावे.

सात. माझ्यामागे तिला एलोफचे कुणीतरी सांगावे, असे कलम इथे लिहिणार होते. ते लिहिले नाही. काल अमांडाचे ते पत्र मी छापील अक्षरांत उतरवले, एकेक अक्षर सुटे, आणि आज सकाळी आईच्या हातात दिले. ती खिडकीपाशी बसली. ओळीखाली बोट धरून तिसऱ्या ओळीपर्यंत गेली, थांबली, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आली. आपलेच वाचन चुकले असे तिला वाटले असावे. मी उठून गेले नाही. तिचे वाचून होईपर्यंत समोर बसून राहिले.

सही : तेक्ला योनासडॉटर

वरील सही तेक्लाने आमच्या देखत, बसून, स्वतः केली :
लोवीसा पेटर्सडॉटर, गावची सुईण
आनेर्श हॉकन्सन, शेतकरी

हाग्नेबू, स्मोलांड
९ मार्च १८८९