ऐकलेलं, पाहिलेलं

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिलं व्याख्यान पार पडलं — आणि माझ्या मनगटांची पार वाट लागली! विषय: देव एक की अनेक, आणि वेद आले कुठून. बोलणार प्राध्यापक बाई. मी व्यासपीठाच्या कडेला उभी राहून तेच हातांनी सांगायचं, बहिऱ्या श्रोत्यांसाठी. बाई विद्वान, पण बोलतात मागे कुत्रं लागल्यासारख्या.

"मूळ तत्त्व एकच, शहाणे त्याला निरनिराळ्या नावांनी हाका मारतात," असं म्हणाल्या आणि मी 'एक'साठी एक बोट वर केलं. दुसरं काय करणार?

पहिल्या रांगेत आई होती. माझं काम बघायला आयुष्यात पहिल्यांदा आली. घरी आल्यावर, कुणाचा तरी पडदा शिवायला घेतला होता त्याला टाचण्या लावता लावता थांबली आणि हातांनी म्हणाली, "बसचं एक तिकीट मागावं तसा देव दाखवलास."

"मग कसा दाखवू?"

तिने दोन्ही हात पसरले, हळूहळू जवळ आणले, मध्येच थांबली. "माहीत नाही. पण मोजू नकोस."

५ नोव्हेंबर

बोट, मूठ, ओंजळ — आरशासमोर सगळं करून पाहिलं. जमत नाही!

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरं व्याख्यान. नको तेच झालं.

बाई म्हणाल्या, वेद कुणी रचले नाहीत असं परंपरा मानते. ते गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात गेले, म्हणून 'श्रुती' — ऐकलेलं. मी हात कानाकडे नेला. न्यावाच लागला! एकदा नाही, चार-पाचदा. आई उठली आणि निघून गेली.

का, ते मला ठाऊक होतं. आजोबा, म्हणजे तिचे वडील, घरी वेद शिकवायचे. मामा आत मांडी घालून, आणि ही जन्माची बहिरी, दाराबाहेर. तिथून त्यांच्या ओठांकडे बघत बसायची. एक दिवस त्यांनी कानाला बोट लावलं, नकाराची मान हलवली आणि दार लोटून घेतलं. तिच्या भाषेतली तेवढीच एक खूण त्यांना येत होती.

मी घरी पोहोचले तेव्हा आई शिलाई मशीनपाशी नुसती बसली होती. म्हणाली, "देव एकच आहे म्हणतेस. मग दाराबाहेर कोणता होता?"



१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंना ग्रंथालयाच्या जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं. त्या कठड्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण ऋषींना काय म्हणतात? मंत्रद्रष्टे! त्यांना मंत्र दिसले, असं मानतात. ऐकणारे नंतर आले."

"तुम्ही मानता?"

"मी अभ्यासक. माझ्या मते माणसांनीच रचलं ते, कित्येक पिढ्या खपून. काही सूक्तांवर तर बायकांची नावं आहेत. पण मानणाऱ्यांनीही 'पाहिलं' हा शब्द निवडला, हे काही थोडं नाही."

धावतच घरी आले. वाटलं, आई खूश होईल. कसलं काय!

"पाहिलं?" तिने दोनदा विचारलं. चेहरा एकदम कोरा. "हे वडिलांना माहीत होतं?"

असणारच ना, आई.

१६ नोव्हेंबर, रविवार

मामांकडे गेलो. आजोबा खिडकीजवळ खुर्चीत. नव्वदी उलटली. आईचे हात सुरू झाले, मी तिचा दाराबाहेरचा प्रश्न बोलून दाखवला. आजोबा नुसते बघत राहिले.

मामा खालच्या आवाजात म्हणाले, "ओरडलीस तरी उपयोग नाही. उन्हाळ्यापासून पार ऐकू येत नाही त्यांना. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

झालं! माझ्या तोंडाचा उपयोग नाही, हातांचाही नाही. आईनं माझ्या पर्समधलं पेन काढलं, औषधाच्या खोक्यामागे मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहिला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी वाचला. खोका बराच वेळ उलटापालटा करत राहिले. मग स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे केवढ्यांदा तरी म्हणाले, "मला तुला शिकवता येत नव्हतं. ते म्हणायची लाज वाटली. म्हणून तुलाच जमणार नाही असं दाखवलं."

मी आईला सांगितलं. तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. डोळे कोरडे होते तिचे. माझेच नव्हते.

मग तिने खाली लिहिलं: "आता तुम्हाला ऐकू येत नाही. वेद गेले?"

"छे! जातील कुठे? डोळे मिटले की समोर दिस—"

आणि आजोबा थांबले. तोंड तसंच उघडं. आईकडे बघत राहिले.

२३ नोव्हेंबर, रविवार

मामांचा फोन आला: आजोबा सकाळपासून आवरून बसलेत, ती कधी येते म्हणून विचारतायत. मी चपला घालायला लागले तर आईनं अडवलं. "तू घरी थांब. त्यांना माझी भाषा शिकायचीय, आणि दुभाषी शेजारी असला की शिकणारा आळशी होतो."