क्रांतीचं मोकळं कपाळ

५ जानेवारी, रविवार

…दूध उतू जाणार म्हणून एका हातानं गॅस बारीक केला आणि दुसऱ्या हातानं टिकली लावली. आरसा ओट्याच्या वरच्या भिंतीला. सडा झाला होता, म्हशीची धार झाली होती, ह्यांचा डबा भरून झाला होता. तेवढंच राहिलं होतं. हे गाडीला किक मारता मारता म्हणाले, वाकडी लागलीय. कुपवाडची पहिली पाळी, उशीर झाला असता. मी म्हटलं, असू दे, संध्याकाळी सरळ करते.

दुपारी कारखान्यातून फोन आला. मशीनपाशीच छातीत कळ आली म्हणे.

हे जाऊन तीन वर्षं झाली. आज आठवायचं कारण, क्रांती सकाळी मोकळ्या कपाळानं चहाला आली. टिकली नाही, बांगडी नाही. वय सोळा, अकरावी सायन्स. नाव ह्यांनी हौसेनं ठेवलं, निस्तरते मी. म्हणाली, तू संयोगिताकाकीच्या हळदीकुंकवाला येत नाहीस तोवर मी पण लावणार नाही. ऑगस्टच्या ग्रामसभेत विधवांना हळदीकुंकवाला बोलवायचा ठराव झाला, तेव्हा पहिला हात माझा होता. टाळ्या पडल्या होत्या. त्या हाताचं काय झालं, असं विचारते.

तो हात गावासाठी होता. सायन्स शिकून एवढं कळत नाही.

ठरवलं: चिडायचं नाही. मैत्रिणीसारखं समजवायचं. दोन दिवसांत मिटेल.

७ जानेवारी, मंगळवार

मैत्रिणीसारखं बोलायला गेले. तिच्या मैत्रिणी कशा बोलतात ते माहीत नव्हतं, म्हणून खांद्यावर हात टाकून 'काय मग, काय म्हणतीस?' म्हटलं. ती म्हणाली, आई, तुला बरं वाटत नाही का?

मग मुद्द्यावर आले. सांगितलं, मी सातवी नापास असले तरी गावच्या वाचनालयाची दोन कपाटं वाचून संपवलीत. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. टिकली न लावणं हा माझा स्वतंत्र विचार आहे. ती म्हणाली, मग आरशाच्या कडेला तुझी टिकली चिकटवलेली आहे, ती तीन वर्षं खरवडली का नाहीस?

पुसताना राहून गेली असेल. रोज शंभर कामं असतात.

११ जानेवारी, शनिवार

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, क्रांतीचं कपाळ बघितलं. त्या धाकट्या दिराकडे, म्हणजे संयोगिताच्या घरी राहतात, भिंतीला भिंत लागून. इतके दिवस मोतीबिंदूमुळे निभावलं होतं. आत्या ओरडल्या, "आगं भवाने, कुवार पोरी असं कपाळ ठेवत्यात व्हय? कुनाच्या मुळावर उठलीयास?" क्रांती म्हणाली, "आज्जे, तुज्याबी कपाळावर काय न्हाई की. तू कुनाच्या मुळावर उठलीयास?"

आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली. आत्यांनी माझ्याकडे तोंड फिरवलं. मग मला म्हणाल्या, "तुज्या पुस्तकांनी नासवली पोरगी." दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या, पण रागानं.

आता कडक व्हायचं. क्रांतीचा मोबाईल काढून घेतला. तासाभरात लाइटबिलाचा मेसेज आला, मला उघडता येईना. परत दिला. देताना नजर मात्र कडक ठेवली.

खरं सांगायचं तर तिचं कपाळ बघवत नाही. ताट वाढताना मी तिच्या हनुवटीकडे बघते. आरशात स्वतःकडे बघताना असं कधी होत नाही. सवय.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत. पहाटे ५

सोपा उपाय सुचला. ती झोपेत असताना टिकली लावायची. उठेल, तोंड धुवेल, सणाच्या दिवशी काढायला जीव होणार नाही.

त्याच दिवशी, सकाळी ७

बोट कपाळाला लागलं आणि तिनं डोळे उघडले. मी म्हटलं, डास होता. ती म्हणाली, गोल, लाल? मग उठून बसली आणि म्हणाली, हळदीकुंकवाची रीत काय असते? एकीनं लावलं की दुसरीनं तिला उलट लावायचं. लाव तू मला. मग मी तुला लावते.

मी चहा टाकायला उठले.

तिळगूळ देताना तिनं गोड बोलायचं कबूल केलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

मोठी बातमी. संयोगिता आमंत्रण द्यायला आली! कुंकवाचा करंडा मात्र पदराखाली. म्हणाली, "आक्का, तुमी रविवारी या. न्हाई कशाला म्हनायचं, ठराव झालाय. पर मागच्या दारानं या. पुढच्या दारात आत्या बसत्यात."

समाज असाच हळूहळू बदलतो. आधी मागचं दार, मग पुढचं. क्रांतीला हे समजावून सांगितलं. ती हसली. हसणं चांगलं नव्हतं.

ठरलं. जायचं तर पुढच्याच दारानं. दोन शब्द बोलायचे. मुद्दे पाठ केले: आधी सगळ्यांचे आभार, मग स्त्रीचा सन्मान. मोतिया रंगाची साडी इस्त्री करून ठेवली.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

साडी नेसून निघाले होते. अंगणापर्यंत गेले. म्हैस अस्वस्थ वाटली म्हणून गोठ्यात वळले. जनावराचं बघायला नको का? थोडा वेळ थांबले. गोठा संयोगिताच्या सोप्याच्या भिंतीला लागून आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं.

बायका हसत होत्या, स्टीलच्या वाट्या वाजत होत्या. वाण चांगलं होतं बहुतेक. क्रांती एकटीच गेली होती, पुढच्या दारानं. कुणीतरी तिला म्हणालं, "काय गं, असं कपाळ? कोन गेलं तुजं?"

क्रांती म्हणाली, "बाप गेलाय की माझा. तीन वर्सं झाली. तवा सगळ्या बायका आल्या आनि आईची टिकली काढली. माझी कुनी काढली न्हाई. का, माझा काय कमी गेला व्हय?"

वाट्या वाजायच्या थांबल्या.

मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. भाषणातला पहिला मुद्दा आठवत होता. सगळ्यांचे आभार.

क्रांती बाहेर आली. वाण घेतलं नव्हतं. गोठ्यात डोकावली, मला बघितलं. मी सांगणार होते, म्हैस अस्वस्थ वाटली म्हणून. ती म्हशीकडे वळली आणि म्हणाली, "बरी हायस का गं?" घरात गेली, दार लोटून घेतलं.

आत्ता लिहिते आहे तरी दार लोटलेलंच आहे. आत रडण्याचा आवाज येत नाही. ह्यांचं झालं तेव्हाही आला नव्हता. सगळे म्हणाले, पोरगी धीराची आहे. मीही म्हटलं.

म्हैस अस्वस्थ नव्हती.

२१ जानेवारी, मंगळवार

काल लिहिलं नाही. मोठं लिहायचं ठरवलं होतं, समाजावर, दोन पानं तरी. जमलं नाही. जे केलं तेवढं लिहिते.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकला, धार काढली, दूध तापत ठेवलं. क्रांतीचा डबा भरला. आरशाच्या कडेची टिकली नखानं काढली. डिंक वाळून गेला होता, कपाळावर ठरेना. क्रांती मागे येऊन उभी राहिली. तिच्या पाकिटातली एक काढून तिनं मला लावली. मग मी तिला लावली. माझी वाकडी लागली. म्हणाली, सरळ करू? मी म्हटलं, असू दे.

पदर भुवयांपर्यंत ओढून डेअरीला दूध घालायला गेले. तात्याबा दूध मोजतात. म्हणाले, "वैनी, सकाळच्या पारी ऊन लागतंय व्हय?" मी पदर मागे घेतला. त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "फॅट कमी लागलीय. म्हशीला पेंड वाढवा."

घरी येऊन म्हशीला पेंड घातली.