माळ्यावरचे दोन डबे

रवि. ९ नोव्हेंबर ८६
नऊला दिनकरभावजी आले. वर आलेच नाहीत, खालीच थांबले. गाडीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. बॉनेटचा आवाज आला तेव्हा कळलं. ह्यांना जाऊन तीन महिने झाले, रविवार अजून त्या दोघा मित्रांचाच.

पूर्वी हे नुसतं बॉनेट उघडायचे. निरोप लागत नसे. कोपऱ्यावरच्या घरातून दि.ला दिसायचं, दहा मिनिटांत हजर. मग दुपारी दोनपर्यंत दोघं खाली, जेवण गार. भंगारातली गाडी दोन वर्षं खपून उभी केली. मी गॅलरीतून बघायचे.

चहा घेताना म्हणाले, "वहिनी, पुढच्या रविवारी मी नाही, गावी चाललोय. आलो की रेडिएटरात तेल घालायचंय. महिना झाला. अऱ्या कधी चुकवायचा नाही."

अऱ्या. बारा वर्षांत मी ह्यांचं नाव घेतलं नाही. दि. कप खाली ठेवता ठेवता घेतात.

बुध. १२
शाळेच्या ऑफिसात टायपिंगच्या चुका. डोक्यात तेच. कारखान्यातून ह्यांनी आणलेला डबा माळ्यावर आहे. ओतताना शंभरदा बघितलंय. एक कप. त्यात दि.ला विचारायचं काय?

रवि. १६
सासूबाई देवळात गेल्यावर डबा काढला. माळ्यावर दोन निघाले, दोन्ही काळपट, दोन्ही तेलाचे. पुढचा घेतला. खाली जाऊन रेडिएटरचं झाकण काढलं, कपभर ओतलं. थोडं जास्तच. गाडी चालू करायला तेवढं ह्यांनी शिकवलं होतं. पंधरा मिनिटं चालू ठेवून पुढच्या सीटवर बसले. ती दि.ची जागा. मी नेहमी मागे, सासूबाईंबरोबर.

आजचा रविवार माझा.

रवि. २३
वाट लागली.

दि. गावाहून आंबोळ्यांचं पीठ घेऊन आले. रेडिएटरचं झाकण काढून बोट घातलं, ते बरबटूनच बाहेर. पाण्यावर तेल, झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा थर. नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने नुसतं बघितलं. "हेड गॅस्केट गया. इंजिन का तेल पानी में आ रहा है. पूरा हेड खोलना पडेगा." इंजिनाचं ते वरचं झाकण उघडायला पुढच्या रविवारी दहाला येतो म्हणाला.

दि. पायरीवर बसले. "वहिनी, हेडचे नट अऱ्याने आवळलेत. काविळीच्या आधीचा रविवार. मी मोजत होतो, तो आवळत होता. ते मी कसे खोलू?" आणि डोळे पुसले. माझे कोरडेच. मला राग आला. माझ्या आधी ते कसे रडले…

वर येऊन दोन्ही डबे काढले. मागच्या डब्यातलं तेल बोटावर घेऊन नळाखाली धरलं. दुधासारखं पांढरं होऊन वाहून गेलं. पुढच्या डब्यातलं, जे मी ओतलं ते, बोटाला तसंच चिकटून. इंजिनाचं असणार. ह्यांच्या वेळी रेडिएटरचं पाणी ताकासारखं दिसायचं, ते आता आठवलं.

म्हणजे मीच.

मंगळ. २५
दि.ला अजून सांगितलं नाही.

दि.ने त्या पाण्याची बाटली भरून आमच्या खिडकीत ठेवली आहे. "हलवू नका वहिनी. वर काय येतं ते बघू." ते गेल्यावर सासूबाई, "अगो, तेचा तोंड बघ केवढासा झाला! सख्खो भाव गेल्यासारखो."

माझं केवढं झालंय, ते विचारणार होते.

शुक्र. २८
इथे तरी खरं लिहिते. सांगितलं तर हेड उघडावं लागणार नाही. पण मला वाटतं, उघडू दे. दोघांनी मिळून आवळलेलं सुटू दे. मग ते कोणाचंच राहणार नाही.

बाटली हलवून टाकावी असंही मनात आलं. हात लावला. तशीच ठेवली.

ह्यांच्या हातचं घट्ट केलेलं आपल्याकडे काही आहे का, घरभर बघितलं. लोणच्याची बरणी जूनमध्ये ह्यांनीच बंद केली होती. ऑगस्टात मीच उघडली, तेराव्याच्या जेवणाला. तेव्हा लक्षातही आलं नाही.

रवि. ३०
दि. आठलाच आले. बाटली उजेडात धरली. मग खाली जाऊन इंजिनातली तेल मोजायची दांडी काढून वर आणली.

"वहिनी, हे बघा. इंजिनातलं तेल काळं. पाण्याचा थेंब नाही त्यात. आणि बाटलीत वर आलेलं मधासारखं, कोरं. हे इंजिनातून आलेलंच नाही."

मग माळ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"मी ओतलं," म्हटलं. "डबा चुकला."

"विचारायचं ना, वहिनी."

"सगळं तुम्हालाच विचारू? माझा नवरा होता तो!"

आवाज चढला. सासूबाई बाहेर आल्या. दि. दांडी पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसत होते. शेवटी म्हणाले, "मोठं पातेलं ठेवा पाण्याचं. आणि धुण्याची पावडर द्या."

मिस्त्री आला त्याला परत पाठवलं. सगळं ऐकून म्हणाला, "भाभी, अगली बार नारियल का तेल डालो. इंजिन को बाल आयेंगे." दि. हसले नाहीत. मला हसू फुटलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा, आणि तेही असल्या गोष्टीवर.

गरम पाणी आणि पावडर ओतायची, गाडी चालू, मग खालची तोटी उघडून सोडून द्यायचं. असं पाच वेळा. फेस गटारापर्यंत. बादल्या मी तीन जिने उतरवल्या. चौथ्या वेळी पाण्यावर अजून तवंग होता, पाचव्या वेळी स्वच्छ. रबरी पाइप तेलाने फुगलेत, बदलायचे.

हेडला हात लावला नाही.

रवि. ७ डिसेंबर
नवे पाइप बसले. मागच्या डब्यातलं कपभर तेल मी ओतलं, दि. बाजूला उभे. "ज्याने पाणी पांढरं होतं, ते हे तेल. कारखान्यात लेथ मशीनवर वापरतात ते. आत गंज धरत नाही." बरं म्हटलं.

नंतर वर येऊन खिशातली किल्ली टीव्हीवर ठेवली. "आता तुम्हाला येतं. गाडी तुमचीच आहे."

इतके महिने मला हेच हवं होतं. परत नुसतं "बरं" म्हटलं. चहा न घेता गेले.

रवि. १४
नऊ वाजले. साडेनऊ. सासूबाई, "दिनकर खंय?" येतील म्हटलं.

दोन्ही किल्ल्या माझ्या कपाटात. खाली जाऊन झाकण काढून बघितलं. पाणी पांढरं, भरलेलं, वर काही नाही. माझं काम दोन मिनिटांत संपलं.

राग गेलेला नाही. सीटवर शेजारी बसून हे त्यांना काय काय सांगत असतील, ते अजून डोक्यातून जात नाही. ते फक्त त्यांनाच ठाऊक. आणि दि. आले नाहीत तर तेही गेलं.

दहाला पुन्हा खाली गेले. बॉनेट उघडून टेकू लावला. कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन बघितलं, तिथून दिसतं का. दिसतं.

आता गॅलरीत बसून लिहितेय. दहा वीस झाले.