शांततेचे आठ दिवस

सोमवार, ३ तारीख.
सकाळी रागात घरातला आरसा फोडला. बायकोने बजावलं: आठ दिवसांत घरात आणखी एक जरी वस्तू फुटली तरी लेकीला घेऊन माहेरी जाईन. आठ दिवस म्हणजे डाव्या हातचा मळ. मी मुळात शांत माणूस. आरसाच नीट लावलेला नव्हता.

मंगळवार, ४.
डिलिव्हरी ॲपने आम्हा रायडरांच्या मनःस्वास्थ्यासाठी फुकट समुपदेशन सुरू केलंय. फोन केला. बाईंनी दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. तेवढ्यात ऑर्डर आली, स्वीकारायला तीस सेकंद. श्वास घेतला तो सोडायचा राहिला. बाई म्हणाल्या, मनात असेल ते बोला. बोललो. त्यांनी फोन ठेवला. हळव्या दिसतात.

गुरुवार, ६. दुपारी १.४०
हॉटेलवाल्याने चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं. उशीर माझ्या नावावर, रेटिंग घसरलं. काउंटरवर मूठ किंचित आपटली. काचेला आधीच तडा असणार. मग कॉलर धरली गेली. म्हणजे मी त्याची धरली. पण घरात काही फुटलेलं नाही. चार दिवस झाले.

शुक्रवार, ७.
मूठ सुजली. बायकोला सांगितलं, गाडीवरून पडलो. तिने मलम लावलं, एक शब्द बोलली नाही. समाधानी वाटली.

रविवार, ९.
वेळ गाठायला गेटवरच 'पोचवलं' दाबलं. सगळेच दाबतात. दाबलं की गिऱ्हाइकाचा पत्ता आणि नंबर दोन्ही गायब होतात, हे घाईत विसरलो. बारा मजली इमारत आणि हातात गरम सूप. खालून हाका मारल्या. वॉचमन म्हणाला, ओरडू नका. सूप भिंतीवर फेकलं, त्याच्यावर नाही. याला संयम म्हणतात. मग त्याची खुर्ची मोडली आणि त्याने माझा ओठ फोडला. तीन टाके. ॲपने आयडी बंद केला. बरंच झालं, विश्रांती हवीच होती.

सोमवार, १०.
आठवा दिवस. घरात कपसुद्धा फुटला नाही. बायकोला हेच ऐकवणार होतो. लेक जमिनीवर बसून चित्र काढत होती. फळीवरचा तिचा रंगांचा डबा काढून द्यायला मी हात वर केला. तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"बाबा, मी काही नाही केलं."

मी बायकोला म्हणालो, मी हिला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही.

"मला नको, तिला सांग," बायको म्हणाली.

मला फार लाज वाटली. थोड्या वेळाने बायकोने माळ्यावरची बॅग मागितली. ती मीच काढून दिली. हात वर करण्याआधी लेकीला सांगितलं, बॅग काढतोय.